छातीतील ठिपका आणि जिवाचा घोर

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आमच्याकडून कामगार कायद्यांवर काहीतरी येईल अशी त्यांची समजूत होती, आणि ती रास्तही होती. तीस वर्षे आम्ही कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहून बोलत आलो. दुसरे काही आम्हांस येत नाही. परंतु गेल्या सव्वा वर्षात जो विषय मनात ठाण मांडून बसला आहे तो सोडून भलत्यावर बोललो तर ती श्रोत्यांची फसवणूक होईल असे वाटले, म्हणून हा विषय सुचविला. चिटणीस जरा चपापले. "यावर डॉक्टरांनी बोलायचं नाही का?" असे त्यांनी विचारले. रोगाविषयी डॉक्टरांनीच बोलावे, यात वाद नाही. आम्ही वैद्य नव्हे; शाळाही आम्हांस दहावीपुढे लाभली नाही, जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत दिव्याखाली बसून वाचले. पण रोग आहे की नाही हे ठरण्यापूर्वीचे जे महिने असतात, ते माणसाला डॉक्टरांच्या खोलीबाहेर काढावे लागतात. त्या महिन्यांविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार, ज्याने ते काढले त्यालाही असावा.

घडले ते असे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका फाटकसभेहून परतताना रस्त्यावरच्या खडीवर आमची स्कूटर घसरली आणि उजवीकडच्या दोन बरगड्यांना तडे गेले. एका खासगी रुग्णालयात छातीचा सी. टी. स्कॅन काढला. बरगड्या सहा आठवड्यांत सांधल्या. परंतु अहवालात बरगड्यांचे वर्णन संपल्यावर खाली आणखी एक ओळ होती : उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात ७ मिलिमीटरचा नोड्यूल. आणि अगदी शेवटी, 'क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड'. खिडकीवरच्या मुलाने पाकीट हातात दिले, पावती फाडली आणि पुढच्या माणसाचे नाव पुकारले. डॉक्टरांचे सारे लक्ष बरगड्यांकडे. त्या ओळीवर बोट ठेवून आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, "सहा महिन्यांनी पुन्हा काढू. काळजी करू नका." त्यांच्या दाराबाहेर चाळीस माणसे होती, आम्ही उठलो.

'काळजी करू नका' या तीन शब्दांइतकी काळजी लावणारे शब्द आम्ही दुसरे ऐकलेले नाहीत. मालक जेव्हा फाटकावर सूचना लावतो की, कारखाना बंद होणार या अफवेवर कामगारांनी विश्वास ठेवू नये, त्या रात्री एकही कामगार झोपत नाही. आमचे तसेच झाले. अकरा दिवस घरी काही सांगितले नाही. बाराव्या दिवशी आम्ही कपाटातून प्रॉव्हिडंट फंडाचे आणि विम्याचे कागद काढून नीट लावीत बसलो होतो. आमच्या मंडळी चहा घेऊन आल्या, कागदांकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, वारसाचे कागद आजच कशाला काढलेत?" तेव्हा बांध फुटला. त्या रागावल्या, पण ठिपक्यासाठी नव्हे, अकरा दिवसांसाठी.

आता हा ठिपका म्हणजे काय ते पाहू. कारण आमचा अनुभव असा की, या भीतीतील निम्मी भीती ही नावाची आहे. आमच्या वडिलांच्या काळी 'छातीचा फोटो' काढीत आणि 'फोटोत डाग आला' एवढे म्हटले की ऐकणारा दोन पावले मागे सरत असे. डाग म्हणजे क्षय, आणि क्षय म्हणजे मुलीचे लग्न मोडणे, भाड्याची खोली सुटणे. आज 'डाग' जाऊन 'गाठ' आली, आणि गाठ म्हणजे कर्करोग असा अर्थ कोशात नसला तरी लोकांच्या कानात पक्का बसला आहे. वस्तुतः फोटोत किंवा स्कॅनमध्ये फुप्फुसात जो गोलसर, तीन सेंटिमीटरपर्यंतचा घट्ट भाग दिसतो त्याला डॉक्टर नोड्यूल म्हणतात. त्याहून मोठा असला तर शब्द बदलतो. नोड्यूल हे रोगाचे नाव नाही, आकाराचे नाव आहे. तीन सेंटिमीटर म्हणजे लहानसे लिंबू. आमचे सात मिलिमीटर म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याहून थोडे लहान. चार मिलिमीटर म्हणजे मुगाचा दाणा. असा मुगाचा दाणा साध्या एक्स-रेत बहुधा दिसतही नाही. तो दाखविला स्कॅनने. म्हणजे पूर्वी माणसांच्या छातीत हे दाणे नव्हते असे नाही. ते घेऊनच माणसे जगली आणि वेगळ्याच कारणाने गेली, व कोणालाही पत्ता लागला नाही.

या यंत्राविषयी जाता जाता एक सांगतो, कारण आम्हांस त्याचे फार अप्रूप वाटते. सी. टी. स्कॅनचे यंत्र इंग्लंडात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी सिद्ध केले, आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या एका इस्पितळात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचे चित्र त्यावर निघाले. १९७९ साली त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक कॉरमॅक यांच्यासमवेत मिळाले. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, विद्यापीठाचे पदवीधरही नव्हते. विजेच्या कामाची पदविका घेतलेला तो एका कंपनीतील नोकर माणूस. असो.

हा दाणा होतो कशाने? कारणे पुष्कळ आहेत आणि बहुतेक निरुपद्रवी आहेत. आपल्या देशात सर्वांत परिचित कारण म्हणजे जुना क्षय. लहानपणी किंवा तरुणपणी क्षयाचे जंतू छातीत शिरतात, शरीर त्यांच्याभोवती भिंत बांधून त्यांना कोंडते, आणि पुढे तेथे एक व्रण राहतो. पुष्कळदा त्यात चुना साठतो. माणसाला आपणांस कधी काही झाले होते याची आठवणही नसते. जुना न्यूमोनिया, बुरशीचा संसर्ग, फुप्फुसाच्या आतील एखादी लहानशी लसिकाग्रंथी, संधिवाताच्या काही रुग्णांत त्या विकाराचाच एक भाग, अशी दुसरीही कारणे आहेत. चुना जर दाण्याच्या मध्यभागी किंवा सबंध दाण्यात सारखा भरलेला असेल तर डॉक्टर बहुधा तेथेच निर्धास्त होतात. आणि या साऱ्या यादीत कर्करोगही एक आहे. तो नाही असे सांगणे खोटेपणाचे होईल.

मग त्याचे प्रमाण किती? अमेरिकेत एक मोठी पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. ५३,४५४ माणसे तीत घेतली होती, आणि ती माणसे कोण? ५५ ते ७४ वयाची, वर्षानुवर्षे सिगारेटी ओढलेली. म्हणजे ज्यांच्या छातीत कर्करोग सापडण्याचा संभव सर्वांत अधिक अशीच. त्यांतील निम्म्यांचे तीन वर्षे दरसाल स्कॅन काढले. चार मिलिमीटर किंवा त्याहून मोठे काही दिसले की 'सापडले' म्हणून नोंद. दर चार स्कॅनमागे जवळजवळ एकात काहीतरी सापडले. आणि अशा सापडलेल्या शंभर नोंदींपैकी सुमारे शहाण्णवांत शेवटी कर्करोग निघाला नाही. हा आकडा आम्ही एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवला होता; चिठ्ठी आता जीर्ण झाली आहे. परंतु त्याच पाहणीचा दुसरा निष्कर्षही तितकाच खरा आहे, आणि तो खिशात ठेवण्याचे पुष्कळांना सुचत नाही : ज्यांचे साधे एक्स-रे काढले त्यांच्याशी तुलना करता, स्कॅन काढलेल्या माणसांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू वीस टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे उरलेले चार होते आणि त्यांतले काही वेळेवर सापडले म्हणून वाचले. शहाण्णवांसाठी निर्धास्त व्हावे आणि चारांसाठी तारीख पाळावी. यापेक्षा अधिक शहाणपण आम्हांस या विषयात सापडले नाही.

आता ती तारीख. सहा महिनेच का? उद्याच का नाही? हा प्रश्न आम्हांस रात्रंदिवस छळीत असे. आत काहीतरी वाढत असेल आणि डॉक्टर आम्हांला सहा महिने घरी बसवतात, हा काय न्याय? याचे उत्तर पुढे छातीच्या विकारांच्या एका तज्ज्ञ बाईंनी दिले. त्यांनी आम्हांस वीस मिनिटे दिली, ती आम्ही विसरणार नाही. त्यांनी विचारले, "दुप्पट पिठाचा लाडू केला तर तो दुप्पट रुंद दिसतो का?" दिसत नाही. दुप्पट पिठाचा लाडू रुंदीला जेमतेम सव्वापट होतो. गाठीचेही तेच. फुप्फुसाचा घट्ट स्वरूपाचा कर्करोग आकारमानाने दुप्पट व्हायला साधारणपणे १०० ते ४०० दिवस घेतो. आमचा सात मिलिमीटरचा दाणा समजा शंभर दिवसांत दुप्पट होणारा असता, तरी महिन्याभरात तो साडेसात झाला असता. आणि एवढा फरक तर मोजण्यातही पडतो. महिन्याने काढलेला स्कॅन आम्हांस काहीच सांगू शकला नसता; पैसे जाते आणि घोर तसाच राहता. सहा महिन्यांनी मात्र तो साडेदहाच्या घरात गेला असता आणि लपून राहिला नसता. जो अगदी सावकाश, चारशे दिवसांनी दुप्पट होणारा, तो सहा महिन्यांत आठाच्याही आत राहील व कदाचित निसटेल. म्हणून दीड-दोन वर्षांनी पुन्हा एकदा पाहतात, तेव्हा तो साडेनवाच्या पुढे गेलेला असतो. आणि दोन वर्षे घट्ट दाणा जसाच्या तसा राहिला तर सामान्यतः तो निरुपद्रवी समजतात.

हे कळले त्या दिवशी आमच्या मनातील एक मोठी धोंड हलली. तोवर आम्ही समजत होतो की, वाट पाहणे म्हणजे काही न करणे. ते तसे नाही. येथे काळ हीच तपासणी आहे.

या तारखा कोणी डॉक्टर आपल्या लहरीने देत नाहीत हेही सांगितले पाहिजे. १९६९ साली स्थापन झालेली फ्लाइशनर सोसायटी नावाची छातीच्या चित्रांच्या तज्ज्ञांची एक संस्था आहे. तिने यासंबंधी २००५ साली नियम घालून दिले आणि २०१७ साली सुधारले. एकच घट्ट दाणा सहा मिलिमीटरहून लहान असेल आणि माणूस धूम्रपान वगैरे न करणारा असेल, तर पुन्हा स्कॅन काढण्याचीही सामान्यतः गरज नाही. धोक्यातल्या माणसाचा हवा तर वर्षाने एकदा. सहा ते आठच्या दरम्यान असेल तर सहा ते बारा महिन्यांनी, आणि मग दीड ते दोन वर्षांच्या सुमारास. आठाच्या पुढे गेला की तीन महिन्यांनी स्कॅन, किंवा पेट स्कॅन, किंवा तुकडा काढून तपासणे यांचा विचार करतात. काही दाणे घट्ट नसतात, दुधी काचेसारखे पुसट दिसतात. ते फार हळू चालणारे असल्यामुळे सहा मिलिमीटरपासून पुढचे तसे दाणे टिकून राहिले तर पाच वर्षांपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवतात. हे नियम पस्तिशीच्या पुढील माणसांसाठी आहेत. ज्याला पूर्वी कर्करोग झाला आहे, किंवा ज्याची प्रतिकारशक्ती रोगाने वा औषधाने खचली आहे, त्याला हे लागू नाहीत. त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

"पण सुई घालून तुकडा काढून का घेत नाहीत? एकदाचा सोक्षमोक्ष!" असे आमच्या कचेरीतले एक तरुण सहकारी म्हणाले. हरभऱ्याएवढ्या वस्तूला, ती श्वासाबरोबर खालीवर होत असताना, सुईने गाठणे अवघड. आणि सुईने फुप्फुसाला भोक पडून हवा छातीच्या पोकळीत शिरण्याचा धोका असतो. पेट स्कॅन महाग, आणि आठ मिलिमीटरच्या खाली तो विश्वासाचा नाही. शिवाय आपल्या देशात त्याची आणखी एक अडचण आहे : क्षयाची जागाही त्यात कर्करोगासारखीच उजळून दिसू शकते. तसेच दुसरे टोक. छातीत ठिपका दिसला की सहा महिने क्षयाच्या गोळ्या सुरू करा, असा सल्ला देणारे शेजारी आम्हांस भेटले. क्षय आज चालू आहे की नाही हे थुंकीच्या आणि इतर तपासण्यांवरून डॉक्टर ठरवतात. जुन्या भरलेल्या व्रणाला गोळ्यांची गरज नसते.

अहवालाच्या भाषेविषयीही दोन शब्द. 'क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड' हे वाक्य वाचून आमची खात्री झाली होती की काहीतरी दडवून ठेवले आहे. त्याचा अर्थ एवढाच की, मी फक्त चित्र पाहिले आहे, माणूस पाहिलेला नाही. माणूस पाहणाऱ्याने ताडून घ्यावे. कधी 'मॅलिग्नन्सी वगळता येत नाही' असेही लिहितात. कंपनीच्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर 'विदाउट प्रेज्युडिस' असते. नवा प्रतिनिधी ते पाहून घाबरतो आणि जुना ते ओलांडून खालचा मजकूर वाचतो. येथेही जुन्या प्रतिनिधीसारखे वाचावे.

आता आमच्या ओळखीतल्या दोन माणसांची हकीकत सांगतो. नावे सांगणार नाही, दोघेही फौंड्रीतले.

पहिले गृहस्थ फेटलिंग खात्यातले, वय अठ्ठेचाळीस. आरोग्य शिबिरात फोटो, फोटोवरून स्कॅन, आणि स्कॅनमध्ये पाच मिलिमीटरचा ठिपका. वर्षाने दाखवा असे सांगितले होते. त्यांनी कोणालाच काही सांगितले नाही; अहवाल ट्रंकेच्या तळाशी घातला. आपण आता जाणार असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले आणि मग एखादा हिशेबी माणूस करील ते सर्व त्यांनी केले. स्वेच्छानिवृत्ती घेतली. दीड गुंठ्याचा प्लॉट मिळेल त्या भावाला विकला. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, हुशार होती. तिचे लग्न तीन आठवड्यांत जमवून उरकले, कारण 'डोळ्यांदेखत व्हावे'. आम्ही लग्नाला गेलो होतो, जेवून आलो. आम्हांस काही कळले नाही. चौदा महिन्यांनी त्यांच्या मेव्हण्यांच्या हाती तो कागद लागला आणि त्यांनी बळेच नेऊन पुन्हा स्कॅन काढविला. ठिपका पाचाचा पाचच. त्या माणसाच्या छातीत काहीही वाढले नव्हते. ते आज धडधाकट आहेत, एका दुकानात हिशेब लिहितात. मुलगी सासरी आहे. पुढे शिकली नाही.

दुसरे ड्रायव्हर होते, पंचवीस वर्षे विडी ओढलेले. त्यांचा ठिपका अकरा मिलिमीटरचा होता आणि तीन महिन्यांनी यायला सांगितले होते. त्यांनी काळजी केली नाही. दुखत नाही, खोकला नेहमीचाच, तेव्हा बघू दिवाळीनंतर, असे म्हणत ते एक वर्षाने गेले. तोवर तो वाढून पसरला होता. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. तीन महिन्यांनी गेले असते तर वाचले असते असे छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकणार नाही. पण ती संधी त्यांना मिळालीच नाही. त्यांना ती तारीख कशासाठी आहे हे कोणी समजावले नव्हते, आणि युनियनचे पदाधिकारी या नात्याने, ती विचारण्याचे आम्हांसही सुचले नव्हते.

चिंता आणि चिता यांत एका अनुस्वाराचा फरक आहे असे या व्यासपीठावरून आपण दरवर्षी ऐकत असाल. आम्हांस ते फारसे पटत नाही. पहिल्या गृहस्थांना चिंतेने जाळले नाही. तिने त्यांच्याकडून चुकीचे निर्णय करविले. आणि दुसऱ्यांना थोडी चिंता असती तर बरे झाले असते. म्हणून 'चिंता सोडा' हा उपदेश आम्ही करीत नाही. आम्ही आयुष्यभर पाहत आलो आहोत की, संपात किंवा टाळेबंदीत माणसाला अनिश्चितता मोडीत नाही; बातमी नसणे मोडते. लेबर कोर्टात दहा वर्षे चाललेल्या दाव्यातला कामगार तग धरतो, जर त्याला पुढची तारीख ठाऊक असेल आणि त्या तारखेला काय व्हायचे आहे हे ठाऊक असेल तर. ज्याला तारीख माहीत नाही तो तीन महिन्यांत खचतो. अफवा उठली की आम्ही फाटकसभा घेतो आणि जे माहीत आहे ते व जे ठरायचे आहे ते, दोन्ही वेगवेगळे करून सांगतो. छातीतल्या ठिपक्याची काळजी ही माणसाच्या स्वतःच्या डोक्यात उठलेली अफवा आहे. तिच्यावर उपायही तोच.

म्हणून आम्ही एक दोनशे पानी वही केली. पहिल्या पानावर, डॉक्टरांना विचारून, लिहिले : आकार सात, घट्ट, कडा गुळगुळीत, चुना दिसत नाही, जागा वरचा खंड, पुढची तारीख अमुक, आणि त्या दिवशी वाढ दिसली तर पुढे काय करणार. हा शेवटचा प्रश्न विचारायला जीभ वळत नव्हती. पण त्याच्या उत्तरानेच सर्वांत अधिक धीर आला, कारण तेथेही रस्ता होता, कडा नव्हता. जुने फोटो शोधावेत, हा आम्हांस मिळालेला उत्तम सल्ला. दोन-चार वर्षांपूर्वी छातीचा स्कॅन निघालेला असेल आणि त्यातही तो दाणा तेवढाच असेल, तर कधीकधी प्रश्न तेथेच मिटतो. आमच्याकडे जुना काही नव्हता. सी.डी. मात्र जपून ठेवावी. अहवालाचा कागद पुरत नाही, पुढच्या वेळी चित्राशी चित्र ताडावे लागते. आमच्या घरी ती आता रेशनकार्डाच्या पिशवीत असते.

रात्री दीड वाजता मोबाइलवर वाचणे आम्ही बंद केले. दिवसा वाचावे, आणि वाचलेले वहीत लिहून डॉक्टरांना विचारावे. मानसोपचार करणारे लोक काळजीसाठी दिवसाची एक ठरावीक वेळ राखावयास सांगतात. इतर वेळी ती आली की 'संध्याकाळी सहाला ये' म्हणून परत धाडायचे. ऐकताना हसू आले, पण निम्म्याअधिक वेळा हे साधले. श्वासाचे व्यायाम आम्हांस साधले नाहीत. छातीकडे लक्ष गेले की ठिपकाच आठवे. सकाळचे फिरणे उपयोगी पडले. तारखेच्या आधीचा आठवडा मात्र कशानेही सोपा होत नाही, तेव्हा त्या आठवड्यात मोठा व्यवहार, भांडण किंवा राजीनामा काही करू नये. झोप आणि भूक पंधरवड्याहून अधिक उडाली तर तेही दुखणेच समजून डॉक्टरांना सांगावे; सरकारची टेलिमानस ही फुकट दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून आहे. आणि थुंकीत रक्त पडले, वजन विनाकारण उतरू लागले, खोकला बदलला किंवा हटेना, तर वहीतली तारीख बाजूला ठेवून लगेच जावे. विडी-सिगारेट त्याच दिवशी सोडावी. आमचे विडीचे व्यसन १९९८ सालीच सुटले होते, नाहीतर हे एवढ्या ऐटीत सांगता आले नसते.

ज्यांनी दगडखाणीत, क्रशरवर, फौंड्रीच्या वाळूत किंवा घासकामात वर्षे काढली आहेत त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना न विचारता सांगावी. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसाच्या वरच्या भागात एक नव्हे, अनेक बारीक दाणे होतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. अशा माणसाला क्षय लवकर जडतो, आणि ही धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच ठरविले आहे. त्याचा हिशेब वेगळा. १९४८ च्या कारखाने कायद्यातच हा रोग कळविण्याच्या रोगांच्या यादीत होता. पण डॉक्टरांनी धंदा विचारला नाही आणि कामगाराने सांगितला नाही, तर यादी कागदावरच राहते. आम्ही आता आमच्या सभासदांच्या कार्डावर, छातीचा फोटो कधी काढला आणि पुढची तारीख कोणती, असे दोन रकाने वाढविले आहेत.

ऑगस्टमध्ये आमचा दुसरा स्कॅन झाला. कमी किरणांचा स्कॅन पुरतो; त्याचे किरण आपणां सर्वांना निसर्गातून वर्षभरात मिळतात त्याहून कमीच असतात, आणि शिरेतून औषधही द्यावे लागत नाही. यावेळी आमच्या मंडळी बरोबर होत्या. बाईंनी दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारी शेजारी लावली आणि बोटाने दाखविले : सात, आणि सात. बाहेर येऊन आम्ही दोघांनी समोरच्या टपरीवर चहा घेतला. पाच महिन्यांत तो ठिपका पुष्कळदा दिवसभर आठवत नाही. आज हे लिहिताना मात्र सारखा आठवतो आहे. तिसरा स्कॅन येत्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. वहीत तारीख घातली आहे, आणि त्या दिवशीची फाटकसभा आदल्या दिवशी घ्यावी असे कचेरीत सांगून ठेवले आहे.